ब्रशवर रक्त दिसतंय: हिरड्यांच्या रोगाच्या खुणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हिरड्यांवर उपचार करणारी दंतवैद्य आहे. हे प्रश्न मला दवाखान्यात, फोनवर आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारले जातात. प्रत्येक उत्तर एकेकटं वाचलं तरी पुरेल असं लिहिलं आहे. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. एक गोष्ट आधीच सांगते: हिरड्यांचा रोग बहुतेक वेळा दुखत नाही. "दुखेल तेव्हा बघू" म्हणणारा माणूस माझ्याकडे येतो तेव्हा दाताभोवतीचं बरंचसं हाड झिजून गेलेलं असतं, आणि ते मला परत आणून देता येत नाही.

१. ब्रश करताना थुंकीत थोडं रक्त दिसतं. दुखत काहीच नाही. तरी दाखवायला हवं का?

हो. निरोगी हिरडीतून मऊ ब्रशने रक्त येत नाही. भांडी घासताना रोज बोटांतून रक्त आलं असतं तर कुणी दोन दिवसही थांबलं नसतं, पण हिरडीचं रक्त आपण वर्षानुवर्षं बेसिनमध्ये धुऊन टाकतो.

बहुतेकांच्या बाबतीत कारण एकच असतं. दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या कडेला जंतूंचा एक पांढुरका, चिकट थर बसतो. तो रोज निघाला नाही की हिरडी सुजते, आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, वरचं आवरण नाजूक होतं आणि ब्रशचे केस नुसते टेकले तरी रक्त येतं. पेरूच्या फोडीवर लाल डाग उमटणं, सकाळी उशीच्या अभ्र्यावर ठिपका दिसणं, चूळ भरल्यावर पाणी गुलाबी होणं ही सगळी त्याचीच रूपं. नवा कडक ब्रश लागून एखाद्या दिवशी रक्त आलं तर घाबरू नका. आठ-दहा दिवस मऊ ब्रशने नीट घासूनही येत राहिलं तर मात्र दाखवा. अचानक आणि खूप रक्त येत असेल तर थेट प्रश्न १८ वाचा.

२. रक्त येतं म्हणून त्या बाजूला ब्रश लावणं मी बंद केलं. आता येत नाही. बरोबर केलं ना?

नाही. सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच आहे, आणि ती अगदी काळजीपोटी होते. दुखऱ्या जागेला हात लावू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. हिरडीला नेमकं उलट हवं असतं. ब्रश थांबला की थर वाढतो आणि सूज आत उतरते. रक्त दिसत नाही, कारण तिथे काही लागतच नाही.

१९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणं पूर्ण बंद केलं. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणून मी पेशंटना सांगते: पहिले चार-पाच दिवस रक्त येईल, कदाचित आधीपेक्षा जास्त दिसेल. तरी मऊ ब्रश त्याच जागी, हलक्या हाताने, रोज दोनदा. आठवड्याने रक्त कमी झालं तर रोग वरवरचा होता. नाही झालं तर आत कीटण, म्हणजे कडक झालेला थर आहे आणि ते ब्रशने निघणार नाही.

३. माझ्या हिरड्या काळपट आहेत. जाहिरातीत गुलाबी दाखवतात. हा रोग आहे का?

नाही. आपल्याकडे बऱ्याच लोकांच्या हिरड्यांत जन्मतः रंगद्रव्य असतं, जसं ते त्वचेत असतं. तपकिरी, काळपट, मधूनच गुलाबी अशी चट्टेरी हिरडी पूर्ण निरोगी असू शकते. काही जण यासाठी महागडे उपचार करायला निघतात. हौस म्हणून करायचे तर करा, तब्येतीसाठी त्यांची गरज नाही.

रंगापेक्षा रंगातला बदल बघा. दाताला लागून असलेली कड आधी होती त्यापेक्षा लालभडक किंवा जांभळट झाली, फुगून चकचकीत दिसायला लागली, तर ती सूज आहे. काळपट हिरडीत लाली पटकन कळत नाही, म्हणून तिथे रक्त आणि फुगवटा यांवर जास्त भरवसा ठेवा. एखादा काळा डाग नव्याने आला असेल किंवा वाढत असेल तर तो मात्र दाखवून घ्या.

४. घरी आरशात नेमकं काय बघू?

दिवसा खिडकीपाशी उभं राहा. बाथरूमच्या दिव्यात नीट दिसत नाही. बोटाने ओठ वर उचला आणि दोन दातांच्या मधलं हिरडीचं छोटं त्रिकोणी टोक बघा. रोगाची सुरुवात बहुतेक तिथूनच होते. निरोगी टोक अणकुचीदार असतं आणि दातांना घट्ट चिकटलेलं असतं. सुजलेलं टोक गोल, भरलेलं, लोंबल्यासारखं दिसतं. रोग जुना असेल तर टोक नाहीसंच होतं आणि तिथे काळी फट दिसते.

मग खालच्या पुढच्या दातांची मागची बाजू बघा. जीभ फिरवली की तिथे खडबडीत लागतं का? लाळेच्या मोठ्या ग्रंथींचं तोंड तिथेच उघडतं, म्हणून कीटण सगळ्यात आधी तिथे धरतं. वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूचंही तसंच. शेवटी स्वच्छ बोटाने हिरडी मुळाकडून दाताकडे हलकेच दाबत या. कडेतून पिवळसर पांढरा थेंब आला तर तो पू आहे. त्यानंतर घरी बघत बसायचं कारण उरत नाही.

५. 'हिरड्यांना सूज' आणि 'पायरिया' एकच का?

लोक दोन्हीसाठी पायरिया म्हणतात, पण फरक मोठा आहे. सूज म्हणजे रोग फक्त हिरडीत आहे. थर आणि कीटण काढलं, रोज नीट घासलं, की हिरडी पूर्ण बरी होते. पायरियात सूज खाली उतरून दाताला धरून ठेवणारे तंतू आणि जबड्याचं हाड खाते. हिरडी आणि दात यांच्यामध्ये खोल कप्पा तयार होतो. गेलेलं हाड बहुतेक ठिकाणी परत येत नाही, पण रोग आहे तिथे थांबवता येतो, आणि थांबवलेला दात पुढे कित्येक वर्षं चावायला उपयोगी पडतो.

नुसतं बघून या दोन्हींतला फरक सांगता येत नाही, मलाही नाही. त्यासाठी मोजावं लागतं (प्रश्न २१).

६. मी रोज दोन वेळा घासतो, तरी कीटण कसं साठतं?

कारण बहुतेक जण दात घासतात, कड घासत नाहीत. ब्रश दातांच्या मधोमध जोरजोरात आडवा चालतो आणि हिरडीलगतची दोन मिलिमीटरची पट्टी तशीच राहते. तिथला मऊ थर लाळेतल्या क्षारांनी काही दिवसांत कडक व्हायला लागतो. ते कीटण. एकदा कडक झाल्यावर ब्रश, पेस्ट, मंजन, कशानेही निघत नाही.

ब्रश हिरडीच्या कडेवर तिरका टेकवा, अर्धे केस दातावर आणि अर्धे हिरडीवर. जागच्या जागी बारीक थरथरवा आणि मग दाताच्या टोकाकडे ओढा. असं दोन-दोन दातांनी पुढे जा. दोन मिनिटं लागतात, घड्याळ लावून बघा, आपल्याला वाटतं त्यापेक्षा ती मोठी असतात. दातांच्या मधल्या बाजूला ब्रश पोचतच नाही. तिथे फटी असतील तर बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा इवलासा इंटरडेंटल ब्रश मेडिकलमध्ये मिळतो, फटी नसतील तर फ्लॉस, म्हणजे दातांमधून ओढायचा धागा. टाचणी, सेफ्टी पिन, आगपेटीची काडी नको. त्याने हिरडी फाटलेली मी नेहमी बघते.

७. दात आधीपेक्षा लांब दिसतात आणि पुढच्या दोन दातांत फट पडली आहे. वयामुळे असेल का?

दात वाढत नाहीत. हिरडी खाली सरकते आणि मूळ उघडं पडतं, म्हणून ते लांब दिसतात. उघड्या मुळाला गार पाणी लागलं की दात शिवशिवतात. याची मुख्य कारणं दोन: पायरिया, किंवा वर्षानुवर्षं कडक ब्रशने रगडून घासणं. दुसऱ्या प्रकारात हिरडी घट्ट आणि स्वच्छ असते, रक्त येत नाही, आणि उजव्या हाताने घासणाऱ्याच्या डाव्या बाजूला झीज जास्त दिसते. यात घाबरण्यासारखं नसतं, पण ब्रश आणि हात दोन्ही बदलायला हवेत.

फटीचं मात्र मनावर घ्या. लहानपणापासून असलेली फट वेगळी. तिला लोक भाग्याचं लक्षण मानतात, खुशाल मानावं. पण पस्तिशी-चाळिशीत नव्याने पडलेली आणि रुंदावत जाणारी फट म्हणजे आधार ढिला होऊन दात पुढे सरकतोय. लग्नातला फोटो काढून आजच्या फोटोशेजारी ठेवा. आरशात जे कळत नाही ते तिथे दिसतं.

८. दात थोडा हलतो. तो काढावाच लागेल का?

लगेच ठरवू नका. प्रत्येक निरोगी दात बोटाला जेमतेम जाणवेल इतका हलतोच. त्यापेक्षा जास्त, आडवा हलत असेल तर किती हाड उरलंय ते एक्स-रेमध्ये बघावं लागतं. सुजेमुळे हलणारे बरेच दात सफाईनंतर काही आठवड्यांत घट्ट होतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. वर-खाली दाबल्यासारखा हलणारा, चावताना आत बसणारा दात वाचवणं मात्र अवघड जातं. तोवर जिभेने किंवा बोटाने हलवून बघायची सवय सोडा.

९. दात किडलेला अजिबात नव्हता, तरी आपोआप पडला. असं कसं?

एक बाई कागदात गुंडाळलेला दात घेऊन आल्या. भाकरी खाताना हातात आला म्हणाल्या. दात पांढराशुभ्र, कुठे कीड नाही. त्यांना हाच प्रश्न पडला होता. मी दात उलटा धरून दाखवला. मुळाभोवती टोकापर्यंत काळं, खरखरीत कीटण चिकटलं होतं, विहिरीच्या जुन्या दगडावर धरतं तसं. हिरडीखालचं कीटण काळं होतं, कारण त्यात रक्त मुरलेलं असतं. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं हे आत होतं आणि मला कळलं नाही?" नाही कळत. कीड दात पोखरते आणि ठणका देते. हिरड्यांचा रोग दाताला हात लावत नाही, तो दाताखालची जमीन काढून घेतो. चांगले दात एकामागून एक पडतात ते यामुळे.

१०. तोंडाला वास येतो असं घरचे सांगतात. मला स्वतःला येत नाही. हिरड्यांमुळे असू शकतं का?

शक्यता मोठी आहे. बहुतेकांचा वास पोटातून नाही, तोंडातूनच येतो: जिभेच्या मागच्या भागावरचा थर आणि हिरडीखालचे कप्पे. आपल्या नाकाला आपला वास सवयीचा होतो, म्हणून वेगळ्या पद्धतीने बघा. मागच्या दाढांमधून फ्लॉस ओढा आणि लगेच हुंगा. एकाच फटीतला धागा कुजका येत असेल तर घोटाळा तिथे आहे. घरच्या माणसाने हे सांगितलं याचा राग मानू नका, सांगायला अवघड असतं ते. बडीशेप, वेलची, माउथवॉश याने तासभर झाकलं जातं, एवढंच.

११. मशेरी लावल्यापासून हिरड्या घट्ट झाल्या, रक्तही थांबलं. मग ती वाईट कशी?

तव्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजून केलेली पूड म्हणजे मशेरी, काही भागांत मिसरी. आमच्या घरातही होती. आजी सकाळी उठल्यावर आणि जेवणानंतर लावायची, दाताच्या औषधासारखी. तिला कुणी व्यसनी म्हटलं असतं तर तिला ते पटलंच नसतं. म्हणून हे उत्तर मी रागाने देत नाही.

रक्त थांबतं हे खरं आहे, आणि धोका तिथेच आहे. निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. सूज झाकली जाते, हिरडी फिकट आणि घट्ट दिसते, ब्रशला रक्त लागत नाही, आणि आत हाड झिजत राहतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचंही तेच. पहिली धोक्याची खूणच पुसली जाते. तंबाखूवाल्यांनी रक्ताची वाट बघूच नये, वर्षातून एकदा तरी हिरड्या मोजून घ्याव्यात. तंबाखू-चुना जिथे धरता त्या जागची हिरडी खाली सरकते. तिथली त्वचा पांढरी, सुरकुतलेली झाली, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण पडला, किंवा तोंड पूर्वीइतकं उघडेनासं झालं, तर ती हिरड्यांच्या रोगाची नाही, कर्करोगाच्या वाटेवरची खूण असू शकते. तोंड न उघडणं सुपारी आणि गुटख्याने होतं. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी असे पेशंट मला अजून भेटतात.

एक सूचना: मशेरी सोडल्यावर काही दिवसांनी रक्त जास्त दिसू शकतं. ते सोडल्यामुळे बिघडलं असं समजून पुन्हा सुरू करू नका. झाकलेला रोग दिसायला लागला आहे.

१२. मला मधुमेह आहे. त्याचा हिरड्यांशी काय संबंध?

दोन्ही बाजूंनी आहे. साखर काबूत नसेल तर जंतूंशी लढण्याची आणि भरून येण्याची ताकद कमी होते. पायरियाचा धोका दुप्पट-तिप्पट वाढतो आणि रोग भराभर पुढे जातो. उलट बाजूने, हिरड्यांतली जुनी सूज साखर खाली येऊ देत नाही. खोल सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास कमी होतो असं अभ्यासांतून दिसलं आहे. औषध-पथ्य सोडावं इतका हा आकडा नाही, पण फुकट घालवावा इतका लहानही नाही.

हिरडीवर पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या जागी गळू येत असेल आणि साखर कधी तपासली नसेल, तर आधी ती तपासा. मधुमेह पहिल्यांदा लक्षात आला तो हिरड्यांमुळे, असे पेशंट माझ्याकडे झाले आहेत.

१३. पाचवा महिना चालू आहे आणि हिरड्यांतून रक्त येतंय. बाळंतपणानंतर दाखवलं तर चालेल?

थांबू नका. गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे थोड्याशा थरालाही हिरडी जास्त सुजते. दुसऱ्या तिमाहीपासून हे वाढतं. कधी दोन दातांमध्ये लाल, मऊ गाठ येते आणि तिला लागलं की भळाभळा रक्त येतं. बघून जीव घाबरतो, पण ती कर्करोगाची गाठ नसते आणि बाळंतपणानंतर बहुधा आक्रसते. चौथा ते सहावा महिना सफाईसाठी सगळ्यात सोयीचा. "गरोदर बाईने दाताला हात लावू नये" हे सासरी-माहेरी कुणीही सांगितलं तरी खरं नाही. आणि बाळ आईच्या दातातलं कॅल्शियम ओढून घेत नाही.

१४. बीपीची गोळी सुरू झाल्यावर हिरड्या दातांवर वाढून आल्या. असं होतं का?

होतं. अम्लोडिपिन, निफेडिपिन या बीपीच्या गोळ्या, फिट्ससाठीची फेनिटॉइन आणि मूत्रपिंड बदलल्यावर दिली जाणारी सायक्लोस्पोरिन यांनी काहींच्या हिरड्या वाढतात. गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांत दोन दातांमधली हिरडी गाठीसारखी फुगते. तोंड स्वच्छ असेल तर वाढ कमी होते. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. दंतवैद्याकडून चिठ्ठी घेऊन गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे जा, बऱ्याचदा दुसरी गोळी देता येते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचंही तसंच: त्यांनी रक्त जास्त वेळ वाहतं, पण सूज त्या आणत नाहीत. सफाईसाठी त्या परस्पर थांबवणं जिवावर बेतू शकतं.

१५. आमच्या आजोबांनी कधी ब्रश हातात धरला नाही. राखुंडीने घासायचे आणि ऐंशीव्या वर्षी ऊस खायचे. मग हे सगळं खरं का मानू?

आजोबांची गोष्ट खरी आहे, आणि तिचं उत्तरही आहे. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरच्या ४८० मजुरांना संशोधक १९७० पासून १५ वर्षं तपासत राहिले. ना ब्रश, ना दंतवैद्य, सगळ्यांच्या दातांवर थर आणि कीटण. १९८६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सुमारे ११ टक्क्यांचा रोग सुजेच्या पुढे गेलाच नाही. ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने वाढला. ८ टक्क्यांचा इतक्या वेगाने, की त्यांचे दात चाळिशी-पंचेचाळिशीतच गेले. घाण सारखी असून शरीराचा प्रतिसाद वेगळा.

आजोबा बहुधा त्या ११ टक्क्यांमधले. तुम्ही कुठल्या गटात आहात हे कपाळावर लिहिलेलं नसतं. आई-वडिलांचे दात पन्नाशीच्या आत हलून पडले असतील तर तुम्ही लवकर तपासून घ्या.

१६. क्लिनिंग केलं की दात ढिले होतात आणि फटी पडतात, असं ऐकलंय.

फटी आधीच होत्या. हिरडी खाली गेली, तिथे कीटण भरलं, आणि त्याने दात एकमेकांना सिमेंटसारखे धरून ठेवले. कीटण काढल्यावर खरी स्थिती उघडी पडते, जिभेला मोकळं लागतं, काही दिवस गार लागतं. पडायला आलेल्या भिंतीला लावलेला टेकू काढल्यासारखं वाटतं हे मान्य. पण हा टेकूच भिंत पाडत होता. अनुभवी हाताने केलेल्या सफाईत दातावरचं कवच खरवडलं जात नाही.

१७. मीठ, हळद, तुरटी, लवंगेचं तेल, तेलाच्या गुळण्या: यातलं काय चालतं?

कोमट मीठपाण्याच्या चुळा सुजेला आराम देतात, जरूर घ्या. तुरटीने हिरडी आकसते आणि रक्त थांबतं, पण थर तिथेच राहतो, म्हणजे मशेरीसारखी फसगत होते. लवंगेचं तेल हिरडीवर थेट लावलं तर भाजतं. तेलाच्या गुळण्या आवडत असतील तर ब्रशनंतर करा, ब्रशऐवजी नको. कोळसा, राख, विटेची पूड, जाड मीठ यांनी रगडू नका, दात झिजतात. बाभूळ-कडुलिंबाची काडी नीट चावून तिचा कुंचला केला तर बाहेरची बाजू बरी साफ होते, मागची होत नाही. क्लोरहेक्सिडिनचं औषधी माउथवॉश सांगितलेल्या दिवसांपुरतंच. महिनोन्‌महिने वापरलं की दात तपकिरी पडतात आणि चव बदलते.

१८. कुठल्या वेळी दंतवैद्याची वाट न बघता सरळ दवाखान्यात जायचं?

पावसाळ्यात ताप, अंगदुखी आणि त्यात हिरड्यांतून आपोआप रक्त आलं तर डेंग्यूचा विचार आधी करा. ही डेंग्यूतली धोक्याची खूण आहे, प्लेटलेट तपासायला त्याच दिवशी जा. काही आठवड्यांतच सगळ्या हिरड्या फुगणं, रक्त न थांबणं, अंगावर काळेनिळे डाग, थकवा आणि ताप हे एकत्र असेल तर रक्ताच्या गंभीर आजारासाठी रक्ततपासणी तातडीने हवी. हिरडीची सूज गाल, डोळ्याखाली किंवा हनुवटीखाली पसरली, गिळता येईना, श्वास जड झाला, तर रात्र असली तरी निघा.

आणखी एक: हिरड्यांची टोकं कुरतडल्यासारखी होणं, वर राखाडी पापुद्रा, असह्य दुखणं आणि तीव्र घाण वास. हिरड्यांचा सहसा न दुखणारा रोग इथे दुखतो. जागरण, ताण, कुपोषण, विडी किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेली असताना हा होतो. एक-दोन दिवसांत उपचार हवेत.

१९. हिरडीवर पुळी येते, फुटते, पुन्हा येते. मेडिकलमधून गोळ्या घेतल्या की बसते. एवढं पुरेल?

नाही. अँटिबायोटिक रक्तातून येतं, पण कप्प्यात कीटणाला चिकटून बसलेल्या जंतूंच्या थरात ते नीट पोचत नाही. सूज उतरते, कारण तसंच राहतं. पुळी दोन ठिकाणांहून येऊ शकते: किडून मेलेल्या दाताच्या मुळातून, किंवा हिरडीच्या कप्प्यातून. पहिल्यात रूट कॅनाल लागतं, दुसऱ्यात हिरडीखालची सफाई. घरी हे ओळखता येत नाही. पूर्णपणे निरोगी तोंडात एकाच जागी एकाएकी गळू आलं तर काय खाल्लं ते आठवा. मक्याच्या लाहीचं पातळ टरफल किंवा माशाचा काटा हिरडीत रुतून बसलेला मी अनेकदा काढला आहे. शेवटच्या दाढेमागे सूज असेल आणि तोंड उघडताना दुखत असेल तर बहुधा अक्कलदाढ.

२०. हिरड्या लालबुंद आहेत, तिखट लागलं की आग होते, साल निघतं. दोनदा क्लिनिंग केलं, फरक नाही.

मग हा नेहमीचा रोग नसण्याची शक्यता आहे. लायकेन प्लॅनस किंवा पेम्फिगॉइडसारख्या त्वचेच्या आजारांत हिरडीचं वरचं आवरण सुटून येतं. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत हे जास्त दिसतं. त्या बिचाऱ्या ठेचा, लोणचं, शेवटी आमटीसुद्धा सोडतात आणि तरी त्यांना "नीट घासा" एवढंच ऐकावं लागतं. हिरडीचा छोटा तुकडा काढून तपासणी करावी लागते आणि उपचार वेगळे असतात. गालाच्या आत पांढऱ्या जाळीसारख्या रेषा असतील तर डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

२१. डॉक्टर हिरड्या तपासतात म्हणजे नेमकं काय करतात? कमी खर्चात कुठे होईल?

मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक, बोथट सळई हिरडी आणि दात यांच्यामध्ये हलकेच सरकवून खोली मोजतात, प्रत्येक दाताला सहा ठिकाणी. १ ते ३ मिलिमीटर ठीक. ४ च्या पुढे लक्ष हवं. ६ किंवा जास्त म्हणजे खोल कप्पा, तिथे ब्रश कधीच पोचणार नाही. जोडीला एक्स-रे. हे न करता कुणी नुसतं "पायरिया आहे, सगळे काढून टाका" म्हणालं तर मोजायला सांगा, आकडे विचारा. तो तुमचा हक्क आहे.

मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय: इथे केसपेपर काढून हिरड्यांच्या वेगळ्या विभागात दाखवता येतं. रांग असते, अर्धा दिवस हाताशी ठेवून जा.

२२. मुलगी पंधरा वर्षांची, दात स्वच्छ, तरी पुढचे दात आणि पहिल्या दाढा हलतात. या वयात पायरिया होतो?

क्वचित, पण होतो. नेमक्या याच दातांना धरतो. थर फारसा दिसत नाही, म्हणून घरचे आणि कधी डॉक्टरही चकतात. घराण्यात कुणाचे दात विशी-तिशीत गेले होते का ते विचारा, भावंडांनाही तपासा. इथे आठवड्यांचा उशीरही महागात पडतो. वयात येताना हिरडी थोडी सुजणं किंवा तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलांच्या वरच्या पुढच्या हिरड्या लाल होणं हे वेगळं आणि सौम्य.

२३. उपचार झाले, रक्त थांबलं. मग दर तीन-चार महिन्यांनी कशाला बोलावतात?

कारण खोल कप्प्यांत जंतूंची वस्ती काही महिन्यांत पुन्हा उभी राहते आणि तेव्हा दुखत नाही. ज्याला एकदा पायरिया झाला त्याला तो पुन्हा होऊ शकतो. मधुमेहात किंवा विडी-तंबाखू चालू असेल तर जास्तच. इम्प्लांट बसवलेल्यांनाही हेच लागू: कृत्रिम मुळाभोवतीची हिरडी सुजते, रक्त येतं, हाड झिजतं. प्रत्येक भेटीत मागच्या वेळचे मिलिमीटर विचारा आणि आजचे त्याशेजारी लिहून घ्या. ५ चे ४ झाले की ४ चे ६, त्यावरून पुढची तारीख लांब द्यायची की जवळची ते ठरतं.